मिस थर्टल यांचा चाळीस पेनीचा कागद

मी भूगोलाचा मास्तर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही विचाराल की या माणसाला पोरांना दिशा शिकवायला ठेवला कुणी. मेलमाउथच्या शाळेत एकवीस वर्षं मी फळ्यावर खडूनं भरती-ओहोटी काढत आलो. फळ्यावर माझी एकही बोट कधी अडकली नाही.

पाण्यावर मात्र माझी एक खरीखुरी बोट होती. 'पेट्रल' नावाची, बावीस फुटांची, शिडाची. मावशीनं मरताना चार पैसे ठेवले त्यातून घेतलेली. अकरा वर्षांत ती नदीच्या तोंडाबाहेर एकदाही गेली नव्हती, कारण माझी तयारी पूर्ण व्हायची होती. तयारी म्हणजे नकाशे आणि मार्गदर्शक पुस्तकं. माझ्याकडे स्कॉटलंडच्या बेटांचे नकाशे होते, ब्रिटनीच्या खडकांचे होते. आयर्लंडच्या एका खाडीचं पुस्तक होतं, त्यात कुठल्या धक्क्यावर ताजं लोणी मिळतं तेसुद्धा लिहिलं होतं. माझी बायको मेव्हिस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या लेनर्डला अख्ख्या युरोपचा किनारा तोंडपाठ आहे. फक्त ओला झालेला नाही."

हे सगळं मी घ्यायचो मिस ईनिड थर्टल यांच्या दुकानातून. धक्क्यावरचं बुटकं दुकान. पुढं दोरखंड, रॉकेल, लोकरीच्या टोप्या, आणि मागच्या खोलीत नकाशांचे रुंद, चपटे खण. मिस थर्टल तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. काटकुळ्या, अंगात भावाचं ढगळ स्वेटर, केसांत खोचलेली पेन्सिल. युद्धाच्या काळात, ऐन विशीत, त्या नौदलासाठी नकाशे दुरुस्त करायला बसल्या होत्या, आणि ती सवय त्यांना पुढं आयुष्यभर पुरली. दर गुरुवारी टपालानं दुरुस्त्यांचं पत्रक यायचं: पाण्यावर तरंगणारा अमुक खुणेचा बोया हलवला, तमुक दिवा बंद. त्या दिवशी दुकानात कुणी साधा खिळा मागितला तरी त्या मान वर करत नसत. खणातल्या प्रत्येक नकाशावर बारीक टाकानं, जांभळ्या शाईत त्या स्वतः दुरुस्ती करायच्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात तिचा आकडा टाकायच्या. दुरुस्ती झाल्याशिवाय नकाशा खणाबाहेर येत नसे. एका श्रीमंत बोटवाल्यानं एकदा घाई केली. त्याला त्यांनी लोकरीच्या टोप्यांमध्ये स्टुलावर बसवून ठेवलं, पाऊण तास.

नकाशा कसा निवडायचा याबद्दल त्यांची मतं ठाम होती. छोट्या प्रमाणाचा नकाशा घरच्या भिंतीसाठी, मोठ्या प्रमाणाचा पाण्यासाठी. पुस्तक घेताना लेखकाचा फोटो बघायचा नाही, छापल्याचं साल बघायचं. आणि जो लेखक 'इथं येणं सोपं आहे' असं लिहितो, त्याचं पुस्तक परत फडताळात ठेवायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी गेलो आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट कॉर्नवॉलपर्यंत जायचा बेत जाहीर केला.

"कॉर्नवॉलचे नकाशे गेल्या वर्षी नेलेत," मिस थर्टल म्हणाल्या.

"ते लांबून दाखवणारे. आता एकेका बंदराचे हवेत."

"एकेका बंदराचे. बरं. आणि आपल्या बंदराचा?"

"तो आहे की! बोटीतलं टेबलच केलंय त्याचं."

इथं मी फुशारकी मारायला नको होती. कारण त्या लगेच जांभळ्या शाईची बाटली घेऊन निघाल्या. आमच्या नदीचे दोन बोये हलले होते आणि माझ्या नकाशावर ती दुरुस्ती झाली नसणार, अशी त्यांना खात्री होती. बोटीत उतरून त्यांनी टेबल पाहिलं. मी तो नकाशा प्लायवूडवर चिकटवून वर व्हार्निश मारलं होतं, चहा सांडला तर डाग पडू नये म्हणून. त्यांनी टाक टेकवला. शाई गोळा होऊन घरंगळली.

"किती हात मारलेत?" त्यांनी विचारलं.

"तीन," मी जरा अभिमानानंच सांगितलं.

"मग आता नदीलाही तीन हात मारून या, मास्तर. म्हणजे तीही हलायची नाही."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गुत्त्यात पोचलं होतं. महिनाभर मला तिथं बिअर मिळायच्या आधी "मास्तर, रंग कुठला आणलाय?" हे ऐकून घ्यावं लागायचं.

पण त्या बोलल्या ते खरं होतं. आमची नदी हलते. तिच्या तोंडाशी पाण्याखालचा दगडगोट्यांचा आणि वाळूचा दांडा आहे, आणि तो दर हिवाळ्यात वादळांनी जागा बदलतो. सरकारी नकाशाही तिथं हात टेकतो. म्हणून दर वसंतात, मोठ्या उधाणाच्या ओहोटीला, मिस थर्टल आणि त्यांचा धाकटा भाऊ सिरिल छोट्या होडीतून तिथं जायचे. सिरिल वल्ही मारायचा, त्या शिशाचं वजन लावलेली दोरी सोडून पाण्याचा ठाव घ्यायच्या. मग घरी बसून त्या दांड्याचा नकाशा हातानं काढायच्या आणि चर्चच्या यंत्रावर त्याच्या प्रती काढून चाळीस पेनीला विकायच्या. खाली बारीक अक्षरात असायचं: 'ठाव : ई. आणि सी. थर्टल'. एकतीस वर्षं हा कागद निघत होता. दोन वर्षांपूर्वी कागद न घेताच आलेल्या एका जोडप्याची बोट दांड्यावर फुटली. बाई वाचली, नवरा वाचला नाही. मिस थर्टल त्याच्या दफनाला गेल्या होत्या, सगळ्यांत मागच्या बाकावर बसल्या होत्या.

त्या जानेवारीत सिरिल गेला. छातीचं दुखणं, चार दिवसांत आटोपलं. आणि मार्चमध्ये एक नवं मार्गदर्शक पुस्तक बाजारात आलं. गुळगुळीत कागद, रंगीत नकाशे, त्यात आमच्या नदीचं तोंडही. पुस्तक काढणाऱ्यांच्या कचेरीतून मिस थर्टल यांना पत्र आलं की पुस्तकात सगळं आलंच आहे, तेव्हा या वयात आपण आता त्रास घेऊ नये.

त्यांनी ते पुस्तक माझ्यासमोर उघडलं. "बघा. हा माझाच गेल्या वर्षीचा कागद आहे, रंगवलेला. पुस्तक छापलं नाताळात. फेब्रुवारीत वादळं झाली तीन. आता दांडा कुठं आहे, देव जाणे."

"लोकांना सांगता येईल..."

"कुणाकुणाला सांगणार? जूनच्या सुट्टीत चाळीस बोटी येतात बाहेरून. सगळ्यांच्या हातात हे असणार. देखणं आहे ना. देखण्यावर विश्वास बसतो माणसांचा." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "मला परत मागच्या बाकावर बसायचं नाही, मास्तर. कागद निघालाच पाहिजे. वल्ही मारायला माणूस नाही."

कोळ्यांचा मासेमारीचा हंगाम होता. बंदराच्या अधिकाऱ्याची पाठ धरलेली. पाद्रीबाबांना उभ्या बोटीतही उलटी व्हायची. सगळ्या जाणत्यांना कामं होती, म्हणून पाळी माझ्यावर आली. मला ईस्टरची सुट्टी होती.

घरी सांगितलं तर मेव्हिस हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "तुला विचारलं? त्या शुद्धीवर होत्या ना?"

"सिरिल गेल्यापासून एकट्या पडल्यात गं."

"तेच म्हणतेय. आता तुझ्याबरोबर जाऊन आणखी काय काय व्हायचंय त्यांचं."

ठरल्या दिवशी दुपारी मी धक्क्यावर हजर झालो. काखेत नकाशांची गुंडाळी, पाठीवर पुस्तकांची पिशवी. मिस थर्टल फक्त दोरी, होकायंत्र, एक वही आणि खाण्याचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तिथंच माझी पिशवी उपसायला घेतली.

"हे काय, आयर्लंड? आयर्लंड कशाला?"

"असू द्या. वारा फिरला तर..."

"वारा फिरला तर आपण घरी येऊ, आयर्लंडला नाही जाणार. हे ठेवा. हेही ठेवा. वेल्स! मास्तर, तुम्ही ठाव घ्यायला निघालाय का संसार हलवायला?"

सगळी चळत धक्क्यावर राहिली. पण एक गोष्ट त्यांना दिसली नाही. ते नवं गुळगुळीत पुस्तक मी मेव्हिसला न सांगता विकत घेतलं होतं आणि स्वेटरच्या आत पोटाशी खोचलं होतं. एवढं सुंदर पुस्तक घरी ठेवून जायला मन धजेना.

बेत साधा होता. पेट्रल नदीच्या तोंडाच्या आत नांगरायची. मग मागं बांधून आणलेल्या छोट्या होडीतून दांड्यापर्यंत जायचं आणि ठाव घ्यायचा. ओहोटी पावणेसातला तळाला जाणार होती. पाच वाजता आम्ही नदीतली वाट दाखवणाऱ्या शेवटच्या खांबापाशी पोचलो. ऊन पडलं होतं, वारा पाठीवर होता. आणि समोर, अकरा वर्षांत पहिल्यांदा, मला काहीही आड न येता समुद्र दिसत होता.

मिस थर्टल म्हणाल्या, "टाका नांगर."

मी नांगर टाकला नाही. मी पोटातून पुस्तक काढलं.

"मिस थर्टल, इथून सरळ वाट आहे. दोन मीटर पाणी दाखवलंय. जरासं बाहेर जाऊन येऊ, पाचच मिनिटं..."

"मास्तर, नांगर!"

"अहो, रंगीत आहे, स्पष्ट दिसतंय..."

खर्रर्र असा आवाज आला. पेट्रल थांबली, मी थांबलो नाही. मी शिडाच्या खांबाला मिठी मारून कसाबसा उभा राहिलो. पाणी उतरत होतं, त्यामुळे निघायचा प्रश्नच नव्हता. माझ्या बोटीला पोटाखाली दोन पाती आहेत, म्हणून ती आडवी न पडता टेबलासारखी सरळ उभी राहिली. बघता बघता भोवती गोटे उघडे पडले. नदीच्या तोंडाच्या बरोबर मध्यात, अख्ख्या मेलमाउथला दिसेल अशा जागी, भूगोलाचा मास्तर कोरडा उभा होता.

मला वाटलं आता त्या मला खातील. त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, त्यातल्या नकाशावर बोट ठेवलं, मग खाली गोट्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"वाट म्हणून दाखवलीय ती बरोबर इथूनच जाते," त्या हळू म्हणाल्या. "हा ढीग नवा आहे. गेल्या वर्षी नव्हता. भरती असली की पाण्याखाली असेल, दिसणारच नाही. आणि चाळीसच्या चाळीस बोटी यायच्या नेमक्या याच्यावर."

"मला माफ करा," मी म्हणालो. मला खरंच स्वतःची लाज वाटत होती.

"माफी नंतर. मी चिडलेय, पण तेही नंतर. आधी होडी ओढा."

दर वर्षी त्यांना वाहत्या होडीतून अंदाजानं कोन घ्यावे लागायचे, आणि वेळ मिळायचा जेमतेम तासभर. या वर्षी त्यांना दांड्याच्या मधोमध एक न हलणारी जागा मिळाली होती, आणि बोट परत तरंगेपर्यंत तीन तास. त्यांनी पेट्रलवर उभं राहून चर्चचा मनोरा आणि किनाऱ्यावरचा जुना बुरूज यांच्या दिशा घेतल्या. रबरी बूट घालून उतरल्या आणि तो ढीग पावलांनी मोजला. मग आम्ही होडीत बसलो.

वल्ही मारण्याबद्दल माझं वाचन दांडगं होतं. पहिल्या दहा मिनिटांत मी होडी दोनदा गोल फिरवली आणि तिसऱ्यांदा मिस थर्टल यांना भिजवलं.

"समोर काय बघताय? मागं बुरुजाकडं बघा आणि ओढा! उजवा हात कमी. अहो, तुमचा उजवा हो, माझा नाही!"

"शाळेत मीच शिकवतो उजवं-डावं."

"म्हणूनच गावातली पोरं रस्ता चुकतात."

दोरी पडायची, त्या आकडा म्हणायच्या, वहीत लिहायच्या. चार फूट. साडेतीन. सहा. दोन. हळूहळू माझे हात लागले, तळव्यांना फोड आले, आणि आमची एक लय जमली. एकदा प्रवाहानं होडी जोरात ओढली आणि दोरी सोडता सोडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "सिरिल, धर जरा."

मी धरली. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोरी त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांनी बाहीनं नाक पुसलं. मी होडी जागच्या जागी धरून ठेवली आणि थोड्या वेळानं त्यांनी पुढचा आकडा सांगितला.

उरलेला वेळ पेट्रलवर बसून आम्ही चीज, लोणच्यातले कांदे आणि डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री खाल्ली. त्या मला नंतरचं ठेवलेलं बोलल्या. बरंच बोलल्या. ते मी इथं लिहीत नाही. आठनंतर बोट तरंगली आणि आम्ही घरी आलो.

पंधरा दिवसांनी कागद निघाला. मी शाळेतून थेट दुकानात गेलो. खोटं कशाला बोलू, मी माझं नाव शोधायला गेलो होतो. दोन तास वल्ही मारली होती, फोड अजून होते. खाली डाव्या कोपऱ्यात पाहिलं. 'ठाव : ई. आणि सी. थर्टल'. दर वर्षीसारखंच.

मी मनातून खट्टू झालो, पण तोंडानं म्हणालो, "छान झालाय."

"नीट बघा तरी," मिस थर्टल म्हणाल्या.

मी नीट पाहिलं. नदीच्या तोंडाच्या मधोमध तुटक रेघांचा एक अंडाकृती डाग होता. त्यात लिहिलं होतं: 'बॉल्ड्री. गोटे. ओहोटीला दीड फूट उघडा.'

"हे... हे माझं आडनाव आहे!"

"आहे ना."

"मी धोका आहे?"

"मास्तर, उथळ जागेला काहीतरी म्हणावंच लागतं. जो पहिला अडकतो त्याचं नाव पडतं. आणि तुमच्याआधी तिथं कुणी अडकलं नव्हतं. एवढा मान कुणाला मिळतो?"

गावाला सण झाला. गुत्त्यात लोक एकमेकांना विचारायचे, "आज बॉल्ड्री उघडा आहे का पाण्याखाली?" सातवीच्या वर्गात एका मुलीनं हात वर करून अगदी निरागसपणे विचारलं, "सर, बॉल्ड्री म्हणजे उथळच ना?" मेव्हिसनं तो कागद चौकटीत घालून जेवणाच्या खोलीत लावला. त्यावर मिस थर्टल यांनी मला आणखी एक काम दिलं: किनाऱ्यावरच्या सगळ्या बोट-क्लबांना आणि पलीकडे हॉलंडमधल्या बंदरांना हा कागद पाठवायचा. म्हणजे एकशे बारा पाकिटांतून माझी अपकीर्ती मी स्वतःच्या हातानं, तिकिटं चाटून, परदेशी रवाना केली.

जूनच्या सुट्टीचा शनिवार उजाडला तोच वारा घेऊन. ईशान्येकडून, जोराचा. दुपारी दांड्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या. मिस थर्टल दुकान उघडं टाकून धक्क्याच्या टोकाला दुर्बीण घेऊन उभ्या होत्या, मी शेजारी. दुर्बीण त्यांनी माझ्याकडे दिली.

बाहेर एक हिरवी डच बोट होती, वजनदार, खोल पोटाची, शीड अर्धं गुंडाळलेलं. ती सरळ आमच्या दिशेनं येत होती, पुस्तकातल्या वाटेवरून. बरोबर बॉल्ड्रीवर. त्या क्षणी त्याच्यावर तीन फूट पाणी असेल, आणि त्या बोटीला पाच तरी लागत असणार.

"नाहीय त्यांच्याकडे कागद," मिस थर्टल म्हणाल्या. "नाहीय."

मी हात हलवत ओरडायला लागलो. अर्ध्या मैलावरून कुणाला काय ऐकू येणार. आणि मग बोट वळली. एकदम, मोठा बाक घेऊन, बॉल्ड्रीला उजव्या हाताला ठेवून ती दक्षिणेच्या अंगानं आत आली. तिच्या पलीकडे, जिथं ती मिनिटभरात असती, तिथं एक लाट तळाचे गोटे उपसत फुटली. मिस थर्टल खाली दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसल्या. त्या दिवशी आणखी अकरा बोटी आल्या, सगळ्या त्याच अंगानं.

तासाभरानं डच बोटीचा मालक दुकानात आला. हुक्स्ट्रा नावाचा, ओलाचिंब, पन्नाशीचा माणूस. मागोमाग बायको आणि एक म्हातारी सासू. त्याच्या हातात भिजलेला चाळीस पेनीचा कागद होता.

"पुस्तकात सरळ होतं," तो म्हणाला. "मी पुस्तकावरच चाललो होतो. ही पुढं कागद घेऊन बसलेली. ही ओरडायला लागली, बॉल्ड्री! बॉल्ड्री! डावीकडं घे! मी घेतलं. मग मागं वळून पाहिली मी ती लाट." त्याच्या बायकोनं कागद काउंटरवर पसरला आणि त्या डागावर बोट ठेवलं.

"हा बॉल्ड्री कोण होता?" तिनं विचारलं. "बुडाला का बिचारा तिथं?"

मिस थर्टल यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात दोरी मोजायचं नाटक करत होतो.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तो काय उभाय."

मला वाटलं, आता हसतील. मी हसायची तयारीही केली, इतक्या दिवसांत सवय झाली होती. पण कुणी हसलं नाही. हुक्स्ट्रा पुढं आला, त्यानं आपल्या ओल्या, गार पडलेल्या हातांत माझा हात घेतला आणि सोडलाच नाही. मला बोलायचं होतं की अहो, मी मूर्ख आहे म्हणून अडकलो, दुसरं काही नाही. पण रडू आलं, आणि सगळ्यांदेखत मी ते येऊ दिलं.